लांब प्रश्नावलीचे तुकडे आणि मातृभाषेचा रकाना

लांब पाहणीत उत्तर देणाऱ्यांचे ओझे कमी करायला सगळे प्रश्न सगळ्यांना विचारायचे नाहीत, ही रीत जुनी. अमेरिकेच्या १९४० च्या जनगणनेत काही जादा प्रश्न पाच टक्के लोकांपुरतेच होते. न विचारलेल्या उत्तरांच्या जागा भरण्याची भरवशाची पद्धत मात्र १९७० च्या दशकात आली: एकाच रिकाम्या जागी अनेकदा वेगवेगळी संभाव्य उत्तरे भरायची आणि त्यांच्यातल्या फरकावरून अंदाजाची अनिश्चितता मोजायची. १९९५ च्या सुमारास या दोन्हींची सांगड बसली.

तीन फॉर्मची मांडणी जास्त वापरात आहे. समजा ९० प्रश्न आहेत. ३० गाभ्यात, म्हणजे सर्वांना. उरलेल्यांचे २०-२० चे तीन गट. प्रत्येक फॉर्ममधून एक गट गाळला की एका घरी ७० प्रश्न होतात. ९०० कुटुंबे घेतली तर कोणत्याही दोन गटांची उत्तरे ३०० घरांतून एकत्र मिळतात. जे दोन प्रश्न कुठल्याच फॉर्मवर सोबत नसतात, त्यांचा परस्परसंबंध मागाहून कितीही भरणी केली तरी डेटातून निघत नाही.

खरा वाद गाभ्यात काय ठेवायचे याचा. पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०१२ साली विद्यार्थ्यांची प्रश्नावली अशीच फिरती केली, तेव्हाही घरची भाषा सर्वांनाच विचारली होती. २०१५ ला ती मांडणी सोडली. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मातृभाषेचा रकाना गाभ्याबाहेर काढणे चुकीचेच. भरणीच्या मॉडेलमध्ये गावाची ओळख नसेल, तर मराठीबहुल गावातले भरलेले आकडे तालुक्याच्या सरासरीकडे सरकतात. शेजारच्या कन्नडबहुल गावाचेही तसेच होते. जिथे लोकसंख्येत ती भाषा बोलणारे किमान १५ टक्के आहेत या निकषावर भाषिक सवलती मागितल्या जातात, तिथे टक्केवारी विचारूनच काढायला हवी, अंदाजाने भरून नव्हे. शाळेचे माध्यम, कामासाठी कोल्हापूर-गोव्याकडे जाणे हे प्रश्न गटांत वाटता येतात. त्यांच्या भरणीलाही मातृभाषेचाच आधार लागतो.

भारतात २०२२-२३ च्या घरखर्च पाहणीत प्रश्नावलीचे तीन भाग तीन भेटींत विचारले, पण प्रत्येक कुटुंबाला तिन्ही. तिथे ओझे विभागले गेले, प्रश्न गाळले गेले नाहीत.

सीमाभागात फॉर्म मराठी आणि कन्नड दोन्हींत लागतात, म्हणजे सहा गठ्ठे. एक फॉर्म खानापूरला, दुसरा अथणीला असे वाटप केले, तर तालुक्यांतला फरक आणि फॉर्ममधला फरक वेगळा करता येत नाही. घरयादीवर फॉर्मचा १-२-३ क्रम गावातच आधी लिहून ठेवायचा. दारात घाई दिसली म्हणून गणकाने सोपा फॉर्म काढायचा नाही. ‘विचारले नाही’ आणि ‘सांगितले नाही’ यांना कोडही वेगळे हवेत: पहिले आपण आधीच क्रमाने ठरवलेले असते, दुसऱ्यामागे त्या घराचे काहीतरी कारण असते.