केबिनची फरशी आम्ही काढून का नेतो?

मुंबई-मांडवा पट्ट्यातले शिडाच्या बोटींचे मालक आम्हाला हमखास विचारतात, "बोटीवरच येऊन वॉर्निशचे दोन हात मारता येणार नाहीत का?" मारता येतील. पण वर्षभरात त्याचे पापुद्रे निघतील, म्हणून तसं काम आम्ही घेत नाही.

झिजलेली दिसते ती फळीची वरची बाजू, पण खरं दुखणं असतं कडांना आणि पोटाला. बहुतेक बोटींत ही फरशी अखंड सागाची नसते. मरीन प्लायवर सागाचा पातळ थर आणि मधे फिकट लाकडाच्या बारीक पट्ट्या असतात. कडेला प्लायचे थर उघडे असतात. तळात साठलेलं पाणी तिथून आत मुरतं आणि कडेलगत काळी रेघ उमटते. फळी उलटी करून कडेवर नख दाबून पाहा. नख रुतलं तर ती फळी बदलायची झाली. कुजक्या प्लायवर वॉर्निश चढवून पैसे घेणं आम्हाला पटत नाही.

फळ्या काढताना प्रत्येकीच्या खालच्या बाजूवर नंबर आणि बोटीच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, बाण काढतो. मग गोड्या पाण्याने धुतो, कारण लाकडात मीठ राहिलं तर ते ओलावा ओढत राहतं आणि वॉर्निश धरत नाही. सागाचा थर अनेकदा एक मिलिमीटरही नसतो, त्यामुळे घासकाम मशीनने नाही, हातानेच: ठोकळ्याला गुंडाळून आधी 120 नंबरचा, मग 220 नंबरचा पेपर, रेषांच्या दिशेने. काळे डाग ऑक्झॅलिक ॲसिडने काढतो.

कडांना पातळ इपॉक्सी रेझिन पाजतो, त्या पिणं थांबवेपर्यंत. सागाला स्वतःचं तेल असतं, म्हणून फळी ॲसिटोनने पुसून पहिला हात पातळ वॉर्निशचा देतो. त्यानंतर वरून पाच हात, खालून तीन, दोन हातांमध्ये एक दिवस. खालची बाजू कोरी सोडली तर फळी एकाच बाजूने ओल धरते आणि वाकते. शेवटचा हात सॅटिनचा, म्हणजे कमी चकाकीच्या वॉर्निशचा. बोट कलली की चकचकीत फरशीवर ओला पाय सटकतो. कडेला जाड थर चढू देत नाही. बोटीत पाणी शिरलं तर फळी झटकन उचलता आली पाहिजे, ती अडकून चालणार नाही.

सगळं मिळून पंधरा दिवस धरा. पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर चढवल्यावर फळ्या आणून दिल्यात तरी चालेल, पण वॉर्निश लावू पाऊस सरल्यावरच. दमट हवेत लावलेल्या हाताची चमक रात्रीतून मंदावते, हे आम्ही स्वतःच्या कामावर पाहिलंय.

फळ्या बसवल्यावर पहिला आठवडा वर चटई टाकू नका. वाळू रोज झाडा आणि गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा. कडेला खरचटलं तर ती जागा कोरडी करून त्याच दिवशी वॉर्निशचं बोट फिरवा. सोबतची छोटी बाटली त्यासाठीच दिली आहे.