कलेक्टर कचेरी ते महापालिका: सोलापूरच्या आपत्ती व्यवस्थापनाची पार्श्वभूमी

सोलापुरात जोराचा पाऊस झाला आणि शेळगी नाहीतर अवंती नगरच्या घरांत पाणी शिरलं की व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिला प्रश्न एकच, महापालिका काय करतीय? प्रश्न रास्त आहे, पण उत्तरासाठी बरंच मागं जावं लागतं, कारण आपत्ती हा विषय आपल्याकडं मुळात महापालिकेचा नव्हताच, तो होता कलेक्टर कचेरीचा, आणि तिथं तो गेला दुष्काळामुळं. आपली सगळी यंत्रणा दुष्काळ डोळ्यापुढं ठेवून तयार झाली आणि माझ्या मते आजच्या निम्म्या गोंधळाचं मूळ तिथंच आहे.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट इथं लहान पोरालापण माहितीय. बिदरच्या बादशहाची कोठारं धान्यानं भरलेली, बाहेर माणसं उपाशी मरायलेली, पंतांनी वरची परवानगी न घेता कोठारं उघडली, मग दरबारातून बोलावणं आलं आणि शेवटी विठोबानंच जाऊन पैसे भरले. कथा आहे ती, इतिहास म्हणून वाचायची नाही. पण त्यातला पेच एकदम सरकारी आहे बघा, किल्ली एकाकडं, हुकूम दुसऱ्याचा, आणि लोक तिसऱ्याच्याच दारात उभे.

लेखी कारभार सुरू झाला इंग्रजांच्या काळात. सोलापूरची नगरपालिका १८५२ ची, म्हणजे देशातल्या बऱ्याच शहरांच्या आधीची. रेल्वे १८६० ला आली. शहराच्या उत्तरेला आदिला नदी अडवून एकरुखचा तलाव बांधला, ज्याला आपण हिप्परगा तलाव म्हणतो, तो १८७१ चा. आणि मग १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ. सोलापूर जिल्हा त्यात भरडून निघाला, माणसं जनावरं घेऊन गाव सोडून गेली, सरकारनं खडी फोडायची, तलाव खोदायची कामं काढली, आष्टीचा तलाव हा त्याच दुष्काळी कामातला. त्यातच १८७७ मध्ये शहरात जुनी मिल उभी राहिली, एकीकडं दुष्काळ आणि एकीकडं गिरणी, हे पण सोलापूरच.

त्या दुष्काळानंतर १८८० चा दुष्काळ आयोग बसला आणि त्यातून फॅमिन कोड आला. लोकांना हे जुनाट प्रकरण वाटतं, पण आजच्या आपत्ती व्यवस्थापनाची बरीचशी हाडं त्यातलीच आहेत. दुष्काळ कधी जाहीर करायचा, काम किती अंतरावर काढायचं, मजुरी किती द्यायची, जे काम करू शकत नाहीत त्यांना फुकट मदत कशी द्यायची, हे सगळं लिहून ठेवलं आणि ह्या सगळ्याचा धनी कोण तर जिल्ह्याचा कलेक्टर. नगरपालिकेनं झाडलोट बघायची, दिवे लावायचे, पाणी पुरवायचं. पुढं कोडचं स्कार्सिटी मॅन्युअल, म्हणजे टंचाईची नियमावली झाली, पिकाचा अंदाज आण्यांत मांडायची आणेवारी होती तिची पैसेवारी झाली, पण मालकी काही हलली नाही. दुष्काळाचा एक स्वभाव आहे, तो हळू येतो. जूनमध्ये पाऊस नाही, ऑगस्टमध्ये नाही, मग पाहणी, मग अहवाल, मग पैसेवारी, मग टँकर, मग छावण्या. तीन-चार महिने हातात असतात. कागद फिरवायला एवढा वेळ असल्यावर कागद फिरवायची सवय लागणारच.

साथीचं वेगळंच. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, पाठोपाठ इतर शहरांत पसरला, सोलापूरही त्यातून सुटलं नाही, आणि १८९७ ला साथरोग कायदा झाला. चारच कलमांचा कायदा, पण अधिकार एवढे की घर तपासा, माणूस वेगळा ठेवा, प्रवासी अडवा. तोच कायदा मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी परत बाहेर काढला, आणि सोलापूरच्या पेठा पत्रे ठोकून बंद झाल्या तेव्हा लोकांना पहिल्यांदा कळलं की सव्वाशे वर्षांपूर्वीचा कागद अजून जिवंत आहे म्हणून.

१ मे १९६४ ला नगरपालिकेची महापालिका झाली. महापालिका कायद्यात आयुक्ताला तातडीच्या प्रसंगी लगेच पावलं उचलायचे अधिकार आहेत, पडायला आलेल्या इमारतीला नोटीस द्यायचं कलम आहे, अग्निशमन तर आहेच. म्हणजे हत्यारं होती, योजना नव्हती. आठ वर्षांत १९७२ चा दुष्काळ आला. ह्याबद्दल घरोघरी आठवणी आहेत, सुकडी, मिलो, खडीच्या ढिगाशेजारी बसलेल्या बायका. त्यातूनच रोजगार हमी योजना मोठी झाली आणि १९७७ ला तिचा कायदा झाला, पुढं देशाच्या रोजगार हमी कायद्याला तोच नमुना ठरला. महाराष्ट्राचं श्रेय आहे ते, पण यंत्रणा परत तीच, कलेक्टर, तहसीलदार, तलाठी. शहरात वॉर्ड ऑफिसला ह्यात काही कामच नाही.

मग ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन आदल्या रात्रीच झालेलं, बंदोबस्त करून पोलीस दमलेले, आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी हादरलं. सोलापूर तिथून शंभरेक किलोमीटर, इथं लोक अंथरुणातून उठून रस्त्यावर आले. सुमारे ८ हजार माणसं गेली. लातूर, धाराशिवचा तो भाग तोवर भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या, म्हणजे झोन एकमध्ये होता. २००२ च्या नकाशात झोन एक काढूनच टाकला आणि तो भाग झोन तीनमध्ये गेला, सोलापूरही त्याच नकाशात झोन तीनमध्ये. तुमच्या बिल्डिंगच्या आरसीसी डिझाइनवर ह्याचा थेट परिणाम होतो, इंजिनिअरला विचारून बघा.

किल्लारीनं दोन गोष्टी केल्या. एक, मदतीच्या पुढं जाऊन पुनर्वसन आणि तयारी हा विषय आला, जागतिक बँकेच्या पैशातून जो मोठा कार्यक्रम झाला त्यातच राज्याचे आणि जिल्ह्यांचे आपत्ती आराखडे लिहायला सुरुवात झाली, मंत्रालयात कंट्रोल रूम आली, जिल्ह्यांना कंट्रोल रूम आल्या. बाकीच्या देशाच्या बराच आधी. दुसरी गोष्ट म्हणजे ही सगळी नवी व्यवस्था पण जिल्ह्याच्याच साच्यात बसवली, कारण किल्लारी, सास्तूर ही खेडी होती.

आणि नेमकं त्याच्या वर्षभर आधी, १९९२ ला, सोलापूरची हद्दवाढ झालेली. शहर एका फटक्यात पाचपट झालं म्हटलं तरी चालेल, आजूबाजूची गावं, माळरानं, ओढे सगळं महापालिकेत आलं. माझ्या दृष्टीनं सोलापूरच्या आपत्तीच्या इतिहासातली ही सगळ्यात महत्त्वाची तारीख आहे आणि कुठल्याच आराखड्यात तिच्याकडं कुणी तसं बघत नाही. कारण हद्दवाढ भागात प्लॉट पडले ते गुंठ्यानं, ओढ्याच्या कडेनं, कधी ओढ्यातच. एरवी कमी पावसाचं गाव, ओढा दहा महिने कोरडा, तिथं घर बांधायला कुणाला भीती वाटणार? पण आपला पाऊस येतो तो सप्टेंबरात, परतीचा, आणि येतो तेव्हा एका रात्रीत महिन्याभराचा कोटा टाकून जातो. मग पाणी आपली जुनी वाट शोधत लोकांच्या हॉलमधून जातं.

गुजरातचा २००१ चा भूकंप, २००४ ची त्सुनामी ह्यानंतर डिसेंबर २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्याच वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मुंबई बुडालेली होती, तरी कायद्यानं शहर असा वेगळा विचार केला नाही. दिल्लीत राष्ट्रीय प्राधिकरण, राज्यात राज्याचं, जिल्ह्यात जिल्ह्याचं आणि त्याचा अध्यक्ष कलेक्टर. महापालिका कुठं, तर कलम ४१ मध्ये, स्थानिक प्राधिकरण म्हणून, माणसं ट्रेन करा, साधनं तयार ठेवा, बांधकामं नियमात होतायत का बघा आणि हे सगळं जिल्हा प्राधिकरणाच्या सूचनेनुसार. थोडक्यात मदतनीस.

काही शहरांनी वाट बघितली नाही, तेही सांगायला हवं. सुरतेत १९९४ ला प्लेगची साथ आली, शहराची देशभर नाचक्की झाली आणि तिथल्या महापालिकेनं सफाईपासून सगळी घडी बदलली, २००६ च्या तापीच्या पुरानंतर पुराची आगाऊ सूचना द्यायची व्यवस्था लावली. अहमदाबाद महापालिकेनं २०१३ मध्ये उन्हासाठी कृती आराखडा केला, देशातला पहिला. आपल्याकडं पारा ४४-४५ ला जातो, यंत्रमागाच्या कारखान्यात आत काय होत असेल ते सांगायला नको, पण उन्हाला आपत्ती मानायला आपल्याला फार वेळ लागला. ऊन म्हणजे काय, दरवर्षीचंच की!

आपत्ती कायद्यानं कलेक्टरला दिलेल्या अधिकाराची ताकद सोलापूरकरांनी बघितली ती गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या यात्रेत. तुकाराम मुंढे २०१४ ते २०१६ मध्ये कलेक्टर होते, त्यांनी ह्या यात्रेला आपत्कालीन आराखडा लावला, यात्रा भरते त्या होम मैदानावर अॅम्ब्युलन्स आणि फायरची गाडी जायला रस्ता मोकळा पाहिजे म्हणून आग्रह धरला आणि देवस्थान पंच कमिटीशी जोरात वाद झाला. कोण बरोबर ह्यावर आजही कट्ट्यावर भांडणं होतात. नऊशे वर्षांची परंपरा म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला कळतो, पण जानेवारी २००५ मध्ये मांढरदेवीला चेंगराचेंगरीत शेकडो लोक मेले होते, तेव्हा रस्ता मागणं काही गुन्हा नव्हता. मैदानाच्या चारी बाजूला महापालिकेचं शहर, यात्रा देवस्थानची आणि आराखडा कलेक्टरचा, ह्यात महापालिका जवळजवळ प्रेक्षक, हे मात्र त्यावेळी कुणाला खटकलं नाही.

आगीच्या बाबतीत राज्याचा २००६ चा कायदा आहे, मालकानं वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं. कागदावर चांगला आहे. सोलापुरात मात्र कारखाना आणि घर एकाच छताखाली ही जुनी रीत, खाली माग, वर संसार, सूत आणि चादरींचे गठ्ठे जिन्यापर्यंत. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली, ८ जण गेले, मालकाच्या कुटुंबातलं लहान मूल पण त्यात. बाहेरून बंब मागवावे लागले आणि आग विझायला दिवस गेला. ह्यानंतर ऑडिटच्या घोषणा झाल्या, त्या दरवेळी होतात.

चार महिन्यांनी सप्टेंबरात सीना नदीला पूर आला. लांबोटीजवळ पुणे हायवे बंद, तिऱ्हेचा रस्ता बंद, विजयपूरकडचा बंद, माढा, मोहोळमध्ये माणसं छतावर, एनडीआरएफ आणि लष्कर बोलवावं लागलं. शहराला सीनेनं पश्चिम आणि दक्षिणेकडून वेढा घातलेला आणि आत शहरातले नाले स्वतःच्याच पावसानं भरलेले. त्यात महापालिकेची मुदत मार्च २०२२ लाच संपलेली, साडेतीन वर्षं प्रशासक, म्हणजे रात्री दोनला ज्याच्या नावानं ओरडायचं तो नगरसेवकच तेव्हा नव्हता. नगरसेवकाला आपण कितीही शिव्या घालू, पण कुठल्या बोळात पाणी तुंबतं आणि जेसीबी कुणाकडं आहे हे त्याला पाठ असतं, ही माहिती कुठल्याच आराखड्याच्या फाइलमध्ये नसते.

कायदा बदलला तो त्याच वर्षात. आपत्ती व्यवस्थापन कायद्याची दुरुस्ती एप्रिल २०२५ पासून लागू झाली आणि त्यात पहिल्यांदा शहर आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आलं, राजधानीची शहरं आणि महापालिका असलेली शहरं ह्यांच्यासाठी, राज्यानं नोटिफिकेशन काढून बनवायचं. अध्यक्ष महापालिका आयुक्त, उपाध्यक्ष कलेक्टर. फॅमिन कोडपासून चालत आलेली उतरंड कागदावर तरी पहिल्यांदा उलटी झाली.

आता शहराचा स्वतःचा आराखडा लिहायचा म्हटलं तर जुन्या जिल्हा आराखड्यातला शहराचा भाग कापून चिकटवून चालणार नाही. हद्दवाढ भागातले ओढे गटबुकातून, म्हणजे जमिनीच्या जुन्या मोजणी नकाशांतून, परत नकाशावर आणावे लागतील, आठही झोनमध्ये साधनं आणि माणसं वाटावी लागतील, पूर्व भागातल्या घरकारखान्यांची यादी लागेल, आणि ह्या सगळ्याला वेगळं बजेट लागेल, जिथं पाणी देतानाच नाकीनऊ येतात तिथं. शिवाय उजनी आणि सीना-कोळेगाव धरणांचे दरवाजे उघडायचा निर्णय आयुक्ताच्या हातात नाही आणि कलेक्टरच्याही नाही, तो पाटबंधारे खात्याचा, त्यामुळं प्राधिकरणाच्या बैठकीत त्या खात्याचा इंजिनिअर बसतो का, आणि विसर्गाचा मेसेज झोन ऑफिसला किती तास आधी पोचतो, हे बघूनच कळेल.