नागारी

नागारी : इंडोनेशियाच्या पश्चिम सुमात्रा प्रांतातील मिनांगकाबाउ लोकांचे पारंपरिक गाव. देशात इतरत्र गावाला ‘देसा’ म्हणतात. नागारी आकाराने देसापेक्षा बहुधा मोठी असते. तिच्या पोटात ‘जोरोंग’ नावाच्या वाड्या असतात, आणि तिची स्वतःची सामाईक जमीन, कुळे, पंचायत व मशीद असते. मिनांगकाबाउ हा जगातील सर्वांत मोठा मातृवंशीय समाज मानला जातो. २०१० च्या जनगणनेत इंडोनेशियात त्यांची संख्या ६४ लाखांवर होती. त्यांपैकी सुमारे ४२ लाख पश्चिम सुमात्रात, बाकीचे बाहेर. गावाबाहेर असलेला हा तिसरा हिस्सा लक्षात घेतल्याशिवाय नागारी कळत नाही. जमीन इथे बायकांच्या वंशात राहते आणि पुरुष गाव सोडतात. शेतीभातीपासून सणावारापर्यंत सगळ्यावर या व्यवस्थेची छाप आहे.

मूळ प्रदेश मारापी (२,८९१ मी.) या जागृत ज्वालामुखीभोवतीच्या खोऱ्यांचा. पहिले पूर्वज याच डोंगराच्या माथ्यावरून उतरले, असे तिथल्या पारंपरिक कथा सांगतात. डोंगराच्या उतारावरील पारियांगान ही सर्वांत जुनी नागारी समजली जाते. तिथे गरम पाण्याचे झरे, पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे आणि अनेक थरांच्या छपराची जुनी मशीद आहे. या प्रदेशावर १४ व्या शतकात आदित्यवर्मन राजाची सत्ता होती. त्याचे संस्कृत शिलालेख पागारुयुंग परिसरात सापडतात. राजे आले आणि गेले, गावगाडा मात्र बराचसा स्वायत्त राहिला.

वस्तीला नागारीचा दर्जा टप्प्याटप्प्याने मिळे. आधी रानातली दोनचार शेतघरे, मग पाडा, मग मोठी वाडी आणि शेवटी नागारी. त्यासाठी किमान चार ‘सुकू’ म्हणजे मातृकुळे, सभागृह, मशीद, नहाणीचा पाणवठा आणि खेळ-सभांचे मोकळे मैदान असावे लागे. कोतो, पिलियांग, बोदी आणि चानियागो ही मूळ चार कुळे. एकाच सुकूत लग्न वर्ज्य. सभागृहाच्या नुसत्या जमिनीकडे पाहिले तरी गावाची राजकीय परंपरा ओळखू येते : कोतो-पिलियांग परंपरेत मानाच्या मुखियांसाठी दोन्ही टोकांना उंच ओटे असतात, बोदी-चानियागो परंपरेत सगळे एकाच पातळीवर बसतात.

घर आणि नाती : पारंपरिक कुळघराला ‘रुमाह गादांग’ म्हणजे मोठे घर म्हणतात. लाकडी खांब जमिनीत न पुरता दगडांवर टेकवलेले, सांधे खाचा-कुसूंचे, आणि छपराची टोके म्हशीच्या शिंगांसारखी वर वळलेली. छपरावर पूर्वी ताडाच्या जातीतल्या झाडाचे काळे तंतू शाकारत. आता बहुतेक ठिकाणी पत्रे आले. भूकंपाच्या पट्ट्यात अशी लवचिक बांधणी फार उपयोगी पडते. अंगणात भाताची कोठारे. घराच्या मागच्या अंगाला ओळीने खोल्या असतात आणि त्या लग्न झालेल्या मुलींच्या. नुकत्याच लग्न झालेल्या जोडप्याला टोकाची खोली मिळते. पुढच्या बहिणीचे लग्न ठरले की आधीची एकेक खोली सरकत जाते. मुलग्यांना खोलीच नाही. सातआठ वर्षांचा झाला की मुलगा रात्री ‘सुराऊ’त झोपायला जाई. सुराऊ म्हणजे कुळाचे प्रार्थनाघर. तिथेच कुराणपठण, तिथेच ‘सिलेक’ ही झुंजकला, तिथेच थोरांच्या गप्पा ऐकत शहाणे होणे. आता मुले आईबापांजवळच झोपतात, पण घरावर मुलग्याचा हक्क नाही ही गोष्ट कोणाला सांगावी लागत नाही.

लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला जातो. पूर्वी तो दिवस उजाडताच आपल्या आईच्या शेतावर राबायला जाई आणि संध्याकाळी परते. सासुरवाडीतल्या त्याच्या जागेबद्दल एक म्हण आहे : जावई म्हणजे बुंध्यावरची राख, फुंकर आली की उडाली. कुळातला खरा कर्ता पुरुष म्हणजे ‘मामाक’, आईचा भाऊ. भाच्यांचे शिक्षण, लग्न, भांडणतंटा तो पाहतो आणि कुळाचा मुखिया, ज्याला ‘दातुअक’ ही पदवी असते, मामांमधूनच निवडला जातो. या साऱ्याला ‘स्त्रीराज्य’ म्हणणारी वर्णने पर्यटनाच्या पत्रकांत फार आढळतात. ती अर्धीच खरी आहेत. मालकी स्त्रियांच्या वंशात चालते, सभेत बोलतात पुरुष; पण घरातल्या ज्येष्ठ स्त्रियांच्या संमतीवाचून जमिनीचा व्यवहार पुढे सरकत नाही. पैशाअडक्याच्या रीतीही गावोगाव वेगळ्या : किनाऱ्यावरच्या पारियामान भागात वधूपक्ष वराला रक्कम देऊन ‘आणायला’ जातो, डोंगराळ भागात ही चाल नाही.

मालमत्ता : मालमत्तेचे दोन मुख्य प्रकार. ‘उच्च पुसाका’ म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आईकडून मुलीकडे आलेली भातशेती, बागा, कुळघर, तळी. तिचा मालक कोणी एक नसतो, सगळे मातृकुळ असते. एकेका बहिणीला कसायला वाटा मिळतो, तो विकण्याचा हक्क मिळत नाही. ‘नीच पुसाका’ म्हणजे नवराबायकोने किंवा एखाद्याने स्वकष्टाने मिळवलेली मालमत्ता. ती मुलाबाळांना देता येते. याखेरीज रान, पडीक जमीन आणि पाणी ही सगळ्या नागारीची सामाईक मिळकत, तिला ‘उलायात’ म्हणतात.

कुळाची जमीन कायमची विकू नये, असा दंडक आहे. ती गहाण मात्र ठेवता येते, तीही चारच कारणांनी : कुळघराचे छप्पर गळत असेल तर, वयात आलेल्या मुलीचे लग्न पैशावाचून अडले असेल तर, घरात प्रेत असून अंत्यविधीला पैसे नसतील तर, आणि रिकामी पडलेली मुखियाची पदवी पुन्हा बसवायची असेल तर. प्रत्यक्षात आता कॉलेजची फी आणि दवाखान्याचा खर्चही या यादीत बसवले जातात. व्यवहाराची रीत पाहण्यासारखी आहे. रक्कम रुपियांत न ठरवता सोन्याच्या वजनात ठरवतात, म्हणजे चलन कितीही घसरले तरी सावकाराचे नुकसान नाही. गहाण घेणारा शेत कसतो आणि पीक त्याचेच. व्याज वेगळे नाही. मुदत नसते. आजीने गहाण टाकलेले शेत नातीने सोडवले, अशा गोष्टी गावोगाव ऐकू येतात, आणि सोडवायचे पैसे बहुधा परगावी असलेल्या भावाकडून येतात. १९६० च्या एका कायद्यानुसार सात वर्षे किंवा अधिक काळ गहाण असलेली शेतजमीन काही न घेता मूळ मालकाला परत करायला हवी. पश्चिम सुमात्रात हा कायदा कागदावरच राहिला. सोने घेऊन ते फेडायचे नाही, ही गोष्ट देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही लाजिरवाणी वाटते.

आपल्याकडच्या सातबाऱ्यासारखा एकाच्या नावाचा उतारा इथे फारसा कामाचा नाही. कुळाच्या जमिनीचा मोठा भाग सरकारी प्रमाणपत्राविना आहे. हक्काचा पुरावा म्हणजे ‘रांजी’, म्हणजे आई, आजी, पणजी अशी चढत जाणारी वंशावळ, कुळातल्या जाणत्यांच्या आणि मुखियाच्या सह्यांनिशी. शेताची हद्द शेजारच्या शेतकऱ्याच्या साक्षीने ठरते. बँकेला रांजी चालत नाही, त्यामुळे अशा जमिनीवर कर्ज मिळणे अवघड. एखाद्या मामाने भाच्यांना न विचारता आपल्या एकट्याच्या नावावर प्रमाणपत्र काढले, की मग कोर्टकचेरी.

इस्लाम आणि वारसा : मिनांगकाबाउ कट्टर मुसलमान आहेत, आणि शरियतीप्रमाणे मुलाला मुलीच्या दुप्पट वाटा. हा पेच जुना आहे. १८०३ च्या सुमारास मक्केहून परतलेल्या काही हाजींनी सुरू केलेल्या ‘पाद्री’ नावाच्या इस्लामी सुधारणावादी चळवळीने जुन्या रूढींवर घाला घातला, त्यातून यादवी पेटली; १८२१ मध्ये डचांनी त्यात उडी घेतली आणि १८३७ मध्ये बोंजोलचा किल्ला पडला. पुढे मक्केत इमाम झालेले इथलेच विद्वान अहमद खतीब यांनी मातृवंशीय वारशाचा कडक निषेध केला. तरी व्यवस्था टिकली. १९५२ मध्ये बुकितिंगी येथे कुळमुखिया, उलेमा आणि सुशिक्षितांच्या परिषदेत तोडगा निघाला : वडिलोपार्जित पुसाका रूढीने चालेल, स्वकष्टार्जित मालमत्ता शरियतीने वाटली जाईल. आजही हीच रीत आहे. केरळातील नायरांची मरुमक्कत्तायम ही मातृवंशीय पद्धत १९७५ च्या कायद्याने संपवली गेली. इथे तसे झाले नाही. याचे एक कारण असे दिसते की पुसाका मोडली तर परगावी गेलेल्या माणसाला परतायला ठिकाण उरणार नाही, हे दोन्ही पक्षांना पटलेले होते.

मरांताऊ : गाव सोडून परमुलखात नशीब काढायला जाण्याच्या प्रथेला ‘मरांताऊ’ म्हणतात. पोरा, आधी परदेशी जा, घरात अजून तुझा उपयोग नाही, अशा अर्थाचे पद्य प्रत्येकाला पाठ असते. जाणारा शिवणकाम, कापडदुकान किंवा खानावळ यांपैकी काही धरतो. इंडोनेशियाच्या लहानसहान शहरातही सापडणारी ‘पादांग’ खानावळ (पादांग हे पश्चिम सुमात्राचे राजधानीचे शहर) ही या प्रथेचीच देन : बसल्याबरोबर दहापंधरा वाट्या टेबलावर येतात, आणि हात लावाल तेवढ्याचेच पैसे. नारळाच्या दुधात तासन्‌तास आटवलेले ‘रांदांग’ मांस आठवडे टिकते, म्हणून ते प्रवासाचे हक्काचे शिदोरीचे पदार्थ ठरले.

बाहेर पडलेल्यांनी देशाच्या इतिहासात मोठी जागा घेतली. पहिले उपराष्ट्रपती मोहम्मद हत्ता (जन्म बुकितिंगी, १९०२), पहिले पंतप्रधान सुतान शाहरीर, क्रांतिकारक तान मलाका, मुत्सद्दी हाजी आगुस सालिम हे सारे मिनांगकाबाउ. मलेशियातले नेगेरी सेंबिलान हे राज्य त्यांच्याच जुन्या स्थलांतरातून उभे राहिले. १९५८ ते १९६१ मधील केंद्र सरकारविरुद्धच्या फसलेल्या बंडानंतर तर लोंढेच्या लोंढे जाकार्ताकडे गेले. पूर्वी एकटे तरुण जात, आता कुटुंबेच्या कुटुंबे जातात. चांदीकामासाठी प्रसिद्ध कोतो गादांग गावात, जिथे रोहाना कुदुस यांनी १९११ मध्ये मुलींसाठी शाळा काढली, अनेक देखणी घरे वर्षातले बरेच महिने कुलूपबंद असतात. ईदला मात्र एकाच नागारीतले लोक गाड्यांचा ताफा करून ‘पुलांग बासामो’ म्हणजे सामुदायिक घरवापसी करतात; मशिदीचे छप्पर, शाळेची भिंत, रस्ता यांसाठी वर्गणी तेव्हाच गोळा होते.

रोजचे जगणे : भात, मिरची, भाजीपाला, दालचिनी, कॉफी, थोडी गुरे. आठवड्याचा बाजार ठरलेल्या वारी. पुरुषांचा वेळ ‘लापाऊ’त म्हणजे चहाकॉफीच्या टपरीत जातो, डॉमिनोच्या सोंगट्या आपटत राजकारणापासून गहाणवटीपर्यंत सगळे तिथेच निघते. तिथली खासियत ‘तेह तालुआ’ : अंड्याचा बलक आणि साखर पेल्यात फेसून फेसून पांढुरकी करायची, वरून कडक उकळता चहा धारेने ओतायचा आणि लिंबू पिळायचे, पेल्यात फेसाचे आणि चहाचे वेगळे थर दिसले पाहिजेत. तानाह दातार भागात भाजलेल्या कॉफीच्या पानांचा काढा करवंटीत देतात. डच काळात १८४७ ते १९०८ कॉफीची सक्तीची लागवड होती, बिया सरकारजमा होत, म्हणून लोक पानांवर आले, असे सांगतात. कापणीनंतर चिखलाच्या खाचरात ‘पाचू जावी’ ही बैलशर्यत होते. एकच माणूस दोन बैलांमागे लाकडी नांगरावर उभा राहतो आणि वेग वाढवायला त्यांच्या शेपट्या चावतो.

प्रवास : पादांगजवळचा मिनांगकाबाउ विमानतळ २००५ पासून चालू आहे. भारतातून थेट विमान नाही. क्वालालंपूरमार्गे जाणे सोयीचे. पादांगहून बुकितिंगी सुमारे ९० कि.मी., वाट आनाई दरीतून धबधब्याला खेटून चढते. गावांकडे जायला ‘ट्रॅव्हल’ म्हणजे दारातून उचलणाऱ्या सामाईक गाड्या, शेवटच्या टप्प्याला ‘ओजेक’ दुचाकी. मानिंजाउ सरोवराकडे उतरणाऱ्या घाटाला ४४ वळणे आहेत आणि प्रत्येकावर क्रमांक लिहिलेला आहे. जाकार्ताला बसने जायचे तर दीड दिवसाच्या आसपास आणि मध्ये सुंदा सामुद्रधुनीची फेरी. मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्याने २४ तासांच्या आत वाडीप्रमुखाला कळवावे, अशा पाट्या गावोगाव असतात. यजमान ते काम परस्पर करतो, पण परक्याने आपणहून विचारलेले बरे दिसते.

हवामान आणि डोंगर यांचा भरवसा नसतो. ३ डिसेंबर २०२३ रोजी मारापीच्या उद्रेकात २४ गिर्यारोहक मरण पावले. ११ मे २०२४ रोजी त्याच राखेचा चिखल पावसाने खाली आला, साठावर माणसे गेली आणि आनाई दरीतला रस्ता तुटून पादांग–बुकितिंगी वाहतूक काही आठवडे लांबच्या वाटेने वळवावी लागली.

सरकार आणि नागारी : १९७९ च्या कायद्याने देशभर गावकारभाराचा एकच नमुना लादला. १९८३ मध्ये पश्चिम सुमात्रातल्या पाचशेहून अधिक नागारी मोडून त्यांच्या वाड्यांचे तीन हजारांवर देसा झाले. सरकारी अनुदान दर देसामागे असल्याने प्रांताने हे तुकडे खुशीने केले. परिणाम असा की सामाईक रान एका गावाचे, कारभार सहा गावांचा. राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांची सत्ता गेल्यावर २००० च्या प्रांतिक नियमाने नागारी परत आली. निवडून आलेला ‘वाली नागारी’ कारभार पाहतो आणि कुळमुखियांची वेगळी पंचायत रूढीचे प्रश्न पाहते. पुढे अनुदानाच्याच ओढीने नागारींचीही विभागणी होऊन संख्या हजाराच्या आसपास गेली.

खरा तंटा सामाईक जमिनीचा आहे. १९६० च्या मूलभूत भूमी कायद्याने पूर्ण मालकी केवळ इंडोनेशियन नागरिकांना दिली; परदेशी माणसाला ठरावीक मुदतीचे वापरहक्क मिळतात, आणि पत्नीच्या नावे गावात घर घेऊ म्हणणाऱ्यालाही विवाहकरार आधी करावा लागतो. पाम तेलाच्या कंपन्यांना मुखियांनी उलायात जमीन दिली ती भाडेपट्ट्याच्या समजुतीने. म्हैस उठली तरी डबके जागच्या जागी राहते, अशी त्यांची म्हण. सरकारी दप्तरात मात्र पट्टा देताना ती आधी शासनाची झाली, आणि मुदत संपल्यावर ती शासनाकडेच जाते, नागारीकडे नाही. पासामान भागात याच मुद्द्यावर गावकरी, कंपन्या आणि शासन यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालू आहेत.