४१२ नंबरचा सभासद आणि फॉरेन की

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका मराठी वाचनालयासाठी मी २००४ साली मायएसक्यूएल या डेटाबेसवर पुस्तक-देवघेवीचा प्रोग्राम लिहिला. सभासदांचं एक टेबल, देवघेवीचं दुसरं. देवघेवीत येणारा नंबर सभासदांच्या टेबलात असलाच पाहिजे, म्हणून तशी सक्ती करणारी ‘फॉरेन की’सुद्धा टाकली. इतकी वर्षं कुरकुर नाही. परवा टेबलं बनवणारी तीच स्क्रिप्ट नव्या सर्व्हरवर चालवली, जुना डेटा भरायला घेतला आणि ४१२ नंबरच्या सभासदावर गाडी अडली. एरर १४५२, म्हणजे देवघेवीतला हा नंबर सभासदांच्या टेबलात नाही. ‘इतके दिवस चालत होतं की!’ असं सगळे म्हणाले. चालत नव्हतंच, फक्त कोणी बोलत नव्हतं.

‘फॉरेन की’ हा शब्द १९७०चा. आयबीएमच्या सॅन होजेतल्या एडगर कॉड यांच्या रिलेशनल मॉडेलवरच्या, म्हणजे माहिती टेबलांत मांडण्याच्या पद्धतीवरच्या, निबंधात तो आहे. डेटाबेसशी बोलायची भाषा म्हणजे एसक्यूएल. तिचं पहिलं अमेरिकी प्रमाण १९८६ साली आलं, त्यात मात्र फॉरेन की नव्हती. ती १९८९च्या आवृत्तीत आली.

मायएसक्यूएलचा ओढा वेगाकडे. त्याचं तेव्हाचं डीफॉल्ट इंजिन, म्हणजे डेटा प्रत्यक्ष साठवणारा भाग, मायआयसॅम. ते फॉरेन कीची ओळ वाचायचं, व्याकरण तपासायचं आणि सोडून द्यायचं. एरर नाही, वॉर्निंग नाही. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापतात, तितकाच त्या ओळीचा धाक. फिनलंडच्या हेक्की तूरी यांचं इनोडीबी इंजिन मात्र ती ओळ खरोखर पाळायचं, पण ते मुद्दाम मागावं लागे. डिसेंबर २०१०मध्ये मायएसक्यूएलची ५.५ आवृत्ती आली आणि इनोडीबीच डीफॉल्ट झालं. माझ्या स्क्रिप्टमध्ये इंजिनचं नाव नव्हतं, त्यामुळे नव्या सर्व्हरवर टेबलं आपोआप कडक शिस्तीची झाली.

इनोडीबीचेही नखरे आहेत. एका बाजूला साधा इंट (पूर्णांक) आणि दुसऱ्या बाजूला अनसाइन्ड इंट (ऋण आकडे न घेणारा) असला, किंवा अक्षरी रकान्यांचे कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायच्या पद्धती) वेगळे असले, तर फॉरेन की बनतच नाही. पूर्वी यावर नुसता ‘१५०’ हा आकडा मिळायचा. खरं कारण ‘शो इंजिन इनोडीबी स्टेटस’च्या लांबलचक मजकुरात शोधावं लागे. ८.० आवृत्ती निदान रकान्यांची नावं तरी सांगते.

एका मित्राने सुचवलं, फॉरेन-की-चेक्स हे तपासणीचं बटण शून्य (बंद) कर, डेटा भर, परत एक (चालू) कर. बॅकअप परत भरताना त्याची डंप फाइल (सगळा डेटा उतरवलेली फाइल) हेच करते. पण परत एक केल्यावर आधीच शिरलेल्या ओळी तपासल्या जात नाहीत. म्हणजे पुन्हा मायआयसॅमच.

शेवटी लेफ्ट जॉइन लावून, म्हणजे दोन्ही टेबलं शेजारी ठेवून, सभासदच न सापडणाऱ्या अनाथ ओळी शोधून काढल्या. बहुतेक सगळ्या वारलेल्या सभासदांच्या. यादी ‘स्वच्छ’ करताना कोणीतरी त्यांची नावंच उडवली होती. कागदी रजिस्टरात नावावर लाल रेघ मारत, नंबर जागेवर राही. मीही तेच केलं: नावं परत घातली आणि ‘हयात’ असा एक रकाना वाढवला. ४१२ नंबरवर नेलेलं पुस्तक अजून यायचंय.