मशीनची पाटी आधी वाचा, प्लग मग लावा

वॉशिंग मशीनच्या पाठीला, किंवा पुढून उघडणाऱ्या मशीनमध्ये दाराच्या कडेला, एक लहानशी पाटी चिकटवलेली असते. '२२०–२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ, २००० वॉट, १० अँपिअर' अशासारखा मजकूर तिच्यावर असतो. नवं मशीन आलं की सगळे बघतात ते प्लग भिंतीतल्या सॉकेटात बसतो की नाही एवढंच. अॅडॉप्टर लावला की जवळजवळ कुठलाही प्लग कुठेही बसतो, आणि घोटाळा नेमका तिथून सुरू होतो. अॅडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो. त्यातून येणारी वीज भिंतीत होती तशीच मशीनमध्ये जाते.

आधी व्होल्टेज पाहू. जगात घरगुती विजेचे ढोबळमानाने दोन गट आहेत. भारत, युरोप आणि इतर बहुतेक देशांत २३० व्होल्टच्या आसपास, तर अमेरिकेत १२० आणि जपानमध्ये १०० व्होल्ट. पाणी तापवणाऱ्या हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे २४० व्होल्टचा २००० वॉटचा हीटर १२० व्होल्टवर लावला तर तो १००० नव्हे, फक्त ५०० वॉट देतो आणि पाणी तापता तापत नाही. उलट केलं, म्हणजे १२० व्होल्टचं मशीन २४०वर लावलं, तर हीटर चौपट शक्ती ओढू लागतो. त्याच्या आधीच बहुधा सर्किट बोर्डावरचा व्हॅरिस्टर (जास्त व्होल्टेजपासून बोर्ड वाचवणारा छोटा भाग) आणि फ्यूज जळतो. नशीब असेल तर नुकसान तेवढ्यावरच थांबतं.

व्होल्टेजचा फरक ट्रान्सफॉर्मरने भागवता येतो, फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे पाटीवरच्या हर्ट्झचा, नाही. ६० हर्ट्झचं मशीन ५० हर्ट्झवर चालवण्याआधी मोटर कुठल्या जातीची आहे ते पाहावं लागतं. साध्या इंडक्शन मोटरचा वेग फ्रिक्वेन्सीवरच ठरतो. चार ध्रुवांच्या मोटरमधलं चुंबकीय क्षेत्र ६० हर्ट्झला मिनिटाला १८०० फेरे घेतं, ५० हर्ट्झला १५००. वेग तर घटतोच, शिवाय तेवढ्याच व्होल्टेजवर मोटरच्या लोखंडी गाभ्यातलं चुंबकत्व वाढून तो संपृक्त होऊ लागतो (आणखी चुंबकत्व त्यात मावत नाही), जास्तीचा प्रवाह ओढला जातो आणि वाइंडिंग, म्हणजे तारेची वेटोळी, तापतं. कार्बन ब्रशच्या मोटरला फ्रिक्वेन्सीने फारसा फरक पडत नाही. इन्व्हर्टर मोटरलाही नाही, कारण तिथे आलेली एसी वीज आधी डीसी करून घेतात. पण 'इन्व्हर्टर आहे, चालेल' म्हणून निर्धास्त होऊ नका. पाणी बाहेर टाकणारा छोटा पंप पुष्कळदा थेट मेन्सच्या विजेवर फिरतो. ५० हर्ट्झसाठी बनवलेला असेल तर ६० हर्ट्झवर तो २० टक्के जास्त वेगाने फिरू पाहतो आणि पाणी ढकलण्याचा भार वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने तापून लवकर जातो. पाटीवर '५०/६० हर्ट्झ' असेल तरच प्रश्न मिटला. ट्रान्सफॉर्मर घ्यायचाच असेल तर २००० वॉटच्या मशीनला ३ केव्हीए (ट्रान्सफॉर्मरची क्षमता मोजण्याचं एकक) क्षमतेचा घ्या. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते.

आता घरातली वायर. २००० भागिले २३०, म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर. हीटर नसलेलं मशीन त्याच व्होल्टेजवर साधारण २-३ अँपिअरमध्ये भागतं. म्हणून हीटर आहे की नाही हा माझ्या मते वायरिंगच्या दृष्टीने सगळ्यात मोठा प्रश्न आहे. हीटरवाल्या मशीनला मेनबोर्डापासून स्वतंत्र लाइन हवी: २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच) आणि १६ अँपिअरचंच सॉकेट. दिव्या-पंख्याच्या बोर्डावरचा ६ अँपिअरचा पॉइंट यासाठी नाही. एमसीबी वारंवार पडतो म्हणून नुसता मोठ्या क्षमतेचा बसवणं फार घातक आहे. एमसीबी वायरीच्या रक्षणासाठी असतो. वायर बारीक आणि एमसीबी मोठा असला की वायर वितळेपर्यंत तो पडणार नाही.

वायर जाड असूनही प्लग काळा पडतो, तो सैल जोडणीमुळे. सॉकेटातली पितळी पट्टी ढिली झाली किंवा स्क्रू नीट आवळलेला नसला की त्या जागी रोध वाढतो. समजा तो अर्धा ओहम झाला. ९ अँपिअरचा वर्ग ८१, त्याच्या निम्मे म्हणजे ४० वॉट. छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी ही उष्णता पिनेच्या टोकाशी साठते, आणि हीटर अर्धा तास सलग चालतो. तापलेली पट्टी स्प्रिंगपणा गमावते, आणखी ढिली होते, आणखी तापते.

अर्थिंगकडे लोक सर्वात जास्त दुर्लक्ष करतात, म्हणून थोडं थांबून सांगतो. मशीनच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. मशीनच्या आत विजेतली खरखर (इलेक्ट्रिकल नॉइज) रोखणारा फिल्टर असतो. त्यातला एक कपॅसिटर फेज आणि पत्र्यामध्ये, दुसरा न्यूट्रल आणि पत्र्यामध्ये जोडलेला असतो. त्यांतून किंचितसा प्रवाह पत्र्यावर झिरपतो; अर्थिंग असेल तर तो मुकाट्याने जमिनीत जातो. नसेल तर पत्रा दोघांच्या मधोमध, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. प्रवाह अगदी लहान असल्याने नुसत्या मुंग्या येतात, पण अर्थिंग नाही याची ती खात्रीलायक खूण आहे. उद्या हीटर फुटून फेज पत्र्याला लागला, तर ओल्या फरशीवर उभ्या माणसाखेरीज विजेला दुसरी वाट उरत नाही. दोन पिनांचा अॅडॉप्टर किंवा अर्थची पिन छाटलेला प्लग अशीच परिस्थिती तयार करतो.

मल्टिमीटरने तपासणी वायरमनकडूनच करून घ्या. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळपास सारखे, आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट, हे ठीक. मशीन चालू असतानाही न्यूट्रल-अर्थ अगदी शून्यच येत असेल, तर सॉकेट उघडून बघायला सांगा. कधीकधी अर्थच्या जागी न्यूट्रलचाच तुकडा जोडून दिलेला असतो. सॉकेटाच्या मागे लाइनीत कुठेही न्यूट्रल तुटला की मशीनचा सगळा पत्रा फेजवर येतो. लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच) असायलाच हवा, आणि त्याचं 'टेस्ट' बटण अधूनमधून दाबून तो पडतो का ते पाहायला हवं.

नवी जोडणी झाली की पहिली धुलाई ६० अंशांवर लावा. वीसेक मिनिटांनी भिंतीवरचा स्विच बंद करून प्लगच्या पाठीवर हात ठेवा. कोमट लागला तर हरकत नाही. हात ठेववत नसेल तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला. एकटा प्लग बदलला तर जुन्या सॉकेटातली करपलेली पट्टी नवी पिनही तशीच करपवते.