सस्पेन्सरी लिगामेंटची दुखापत: इंजेक्शन, शस्त्रक्रिया आणि चालणं

थरोब्रेड घोडा भरधाव असताना खुराच्या वरचा फेटलॉक सांधा जवळपास जमिनीला टेकतो. त्याला मागून तोलून धरतं सस्पेन्सरी लिगामेंट, म्हणजे धाग्यांचा मजबूत पट्टा. नळीच्या हाडाच्या मागून निघून ते खाली दोन फाट्यांत विभागतं आणि फेटलॉकमागच्या दोन छोट्या सिसॅमॉइड हाडांना चिकटतं. सरावात त्याचे धागे झिजत जातात, मग एखाद्या शर्यतीत तुटतात.

जखम पहिले काही दिवस वाढत असते. म्हणून पहिल्या सोनोग्राफीवर विसंबू नये, आठवडाभराने पुन्हा करावी. सोनोग्राफीत तुटलेल्या धाग्यांचा काळा डाग लिगामेंटच्या गाभ्यात असेल आणि भोवतीचे धागे शाबूत असतील तर इंजेक्शन तिथे टिकतं. कडा फाटलेली असेल तर औषध बाहेर ओघळतं.

इंजेक्शनांमध्ये पीआरपी (प्लेटलेट्सनी समृद्ध रक्तद्रव) त्यातल्या त्यात सोपं. मानेच्या शिरेतून सुमारे ५० मिली रक्त काढून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात आणि प्लेटलेट्सचा दाट भाग सोनोग्राफीत बघत जखमेत सोडतात. जास्त द्रव दाबून भरला तर चांगले धागेही फाटतात.

दुसरं इंजेक्शन मूळ पेशींचं (स्टेम सेल). त्यासाठी छातीच्या हाडातला मगज (बोन मॅरो) घेतात. सुई खोल गेली तर थेट हृदयाला इजा होऊ शकते, त्यामुळे आधी सोनोग्राफीने जागा ठरवतात. प्रयोगशाळेत पेशी वाढवायला २ ते ४ आठवडे लागतात. त्यामुळे निर्णय लवकर घ्यावा, कारण व्रण घट्ट झाल्यावर फायदा कमी होतो. साधारण १ कोटी पेशी सोडतात. त्यांतल्या बहुतेक थोड्याच दिवसांत नाहीशा होतात. त्यांचं मुख्य काम धागा बनणं नसून आजूबाजूच्या पेशींना दुरुस्तीचे संकेत देणं हे असावं, असं आता मानलं जातं.

शस्त्रक्रिया मोजक्याच घोड्यांना लागते. सिसॅमॉइडच्या टोकाचा तुकडा निघाला असेल तर दुर्बिणीतून तो काढतात. मागच्या पायात लिगामेंटचा वरचा भाग सुजून आवरणात आवळला गेला असेल तर आवरण चिरतात आणि त्या भागाची नस कापतात. मागचा पाय फार सरळ आणि फेटलॉक आधीच खचलेला असेल तर हे करू नये. वेदना थांबते, घोडा पूर्ण भार टाकतो आणि कमकुवत लिगामेंट आणखी खचतं. शिवाय नस कापलेल्या घोड्याला अनेक देशांत शर्यतीत उतरवता येत नाही.

कोणताही उपाय केला तरी सुरुवात तबेल्यातली विश्रांती आणि हाताने धरून रोज १० मिनिटं चालवण्यापासूनच होते. दर २-३ महिन्यांनी सोनोग्राफी करत वेळ वाढवायची; शर्यतीला ९ ते १२ महिने लागतात. लंगडणं मात्र बरंच आधी थांबतं, आणि तेव्हाच पळवलेले घोडे पुन्हा त्याच जागी दुखावतात.