बस्टर कीटन

कीटन, बस्टर : (४ ऑक्टोबर १८९५ – १ फेब्रुवारी १९६६). अमेरिकन विनोदी नट आणि चित्रपट-दिग्दर्शक. पूर्ण नाव जोसेफ फ्रँक कीटन. मूकपटांच्या काळातील विनोदवीरांत चार्ली चॅप्लिन आणि हॅरल्ड लॉइड यांच्या बरोबरीने त्याचे नाव घेतले जाते. आपल्याकडे चॅप्लिन घरोघरी पोहोचला. कीटनची ओळख मात्र बहुतांशी फिल्म सोसायटीच्या वर्तुळातच राहिली. काहीही झाले तरी न हसणारा चेहरा आणि चपटी टोपी ही त्याची खूण. चेहऱ्यामुळे त्याला ‘द ग्रेट स्टोन फेस’ असे बिरुद मिळाले.

त्याचा जन्म कॅन्सस राज्यातील पिक्वा या लहानशा गावी झाला. जो आणि मायरा हे आईवडील औषधे खपवणाऱ्या एका फिरत्या खेळात कामे करत आणि मुक्काम तेव्हा पिक्वात होता, एवढाच त्या गावाशी त्याचा संबंध. ‘बस्टर’ हे टोपणनाव जादूगार हुडिनीने ठेवले, असे कीटन स्वतः सांगत असे. तान्हा असताना तो जिन्यावरून गडगडत खाली आला आणि तरी त्याला काही झाले नाही, हे पाहून म्हणे हुडिनीच्या तोंडून तो शब्द निघाला. नाटकवाल्यांच्या आठवणी जेवढ्या विश्वासाने घ्याव्यात, तेवढ्याच विश्वासाने ही घ्यावी.

पाच वर्षांचा होईतो तो आईवडिलांबरोबर ‘द थ्री कीटन्स’ या नावाने व्हॉडव्हिलच्या (गाणी, नकला, कसरती अशा फुटकळ कार्यक्रमांच्या करमणुकीच्या खेळाच्या) रंगमंचावर नियमित उभा राहू लागला. खेळाचा गाभा साधा होता : मुलगा खोड्या काढतो आणि बाप त्याला उचलून फेकतो, कधी पडद्यावर, तर कधी थेट वादकांच्या खड्ड्यात. धरायला सोपे जावे म्हणून पोराच्या कोटाला पाठीमागे बॅगेची मूठ शिवलेली असे. न्यूयॉर्कच्या बालसंरक्षण संस्थेने यावरून अनेकदा हरकत घेतली. अंग सैल सोडून कसे पडायचे, हे तो चालायला-बोलायला शिकावे तसे शिकून गेला. आपण आपटल्यावर स्वतःच हसलो तर लोक कमी हसतात, हेही त्याच्या लवकर ध्यानात आले. पुढे जगभर गाजलेला तो निर्विकार चेहरा असा धंद्याच्या अनुभवातून घडला. बापाचे पिणे वाढले, फेकाफेकीतला नेम चुकू लागला आणि १९१७ च्या सुरुवातीस खेळ मोडला.

त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्याची गाठ रॉस्को ‘फॅटी’ आर्बकल या लोकप्रिय विनोदी नटाशी पडली. आर्बकलच्या ‘द बुचर बॉय’मध्ये त्याने पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर काम केले आणि त्यासाठी ब्रॉडवेवरचा आठवड्याला २५० डॉलरचा करार सोडून ४० डॉलरवर रुजू झाला. त्याला ओढ लागली होती ती यंत्राची. कॅमेरा आतून कसा चालतो, हे त्याने पहिल्याच भेटीत खोदून खोदून विचारून घेतले. पहिल्या महायुद्धात काही महिने तो फ्रान्समध्ये सैन्यात होता. तेथे कानाला झालेली इजा कायमची राहिली. परतल्यावर निर्माता जोसेफ शेंकने त्याला स्वतंत्र स्टुडिओ उभारून दिला. कीटनने १९२१ मध्ये नॅटली टॅलमेज हिच्याशी लग्न केले. तिची बहीण नॉर्मा ही शेंकची बायको, म्हणजे मालक आणि नट हे एकमेकांचे साडू झाले. पुढच्या घडामोडींत हे नाते विसरून चालत नाही.

१९२० ते १९२३ या काळात कीटनने एकोणीस लघुपट केले. १९२० च्या ‘वन वीक’मध्ये नवविवाहित जोडप्याला सुट्या भागांचे जोडायचे घर आहेरात मिळते. खोक्यांवरचे आकडे एक मत्सरी प्रतिस्पर्धी बदलून ठेवतो आणि घर वेडेवाकडे उभे राहते. शेवटी ते ओढून नेताना नेमके रेल्वेच्या रुळांवर अडकते. गाडी येताना दिसते, दोघे डोळे झाकतात, आणि गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते. सुटकेचा श्वास टाकतात तोच उलट दिशेने दुसरी गाडी येऊन घराचा चक्काचूर करते. एका अपेक्षेला हूल देऊन प्रेक्षक बेसावध झाला की मग खरा तडाखा द्यायचा, हे कीटनचे तंत्र येथे पूर्ण तयार दिसते.

त्याच्या कामाची रीत हिशेबी आणि तरीही मोकळी होती. लिखित पटकथा जवळजवळ नसे. सुरुवात आणि शेवट सापडले की मधले आपोआप होईल, असा त्याचा विश्वास. काम अडले की सगळे युनिट बेसबॉल खेळायला जाई. एका गोष्टीवर मात्र तो अडून बसे : कसरत खरी घडली पाहिजे आणि ती प्रेक्षकाला सलग, पूर्ण दिसली पाहिजे. म्हणून त्याचा कॅमेरा लांब उभा राहतो आणि माणूस डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत असतो. मध्ये शॉट तोडला तर प्रेक्षकाला लबाडीचा वास येतो, हे त्याने ओळखले होते. चॅप्लिनचा कॅमेरा चेहऱ्याजवळ जाऊन गलबलवतो. कीटनचा लांबून माणूस आणि त्याच्यावर चालून येणारे जग एकत्र दाखवतो. नुसते अंगबळ पाहायचे तर कीटनच्या जवळपास कोणी नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. टोपीसुद्धा तो स्वतः बनवी. चांगली फेल्ट हॅट कापून लहान करायची, काठ साखरेच्या पाण्याने भिजवायचा आणि सपाट पृष्ठभागावर कडक वाळू द्यायचा. पाण्यात आणि मारामारीत त्या इतक्या खराब होत की नव्या सतत कराव्या लागत.

‘शेरलॉक ज्युनियर’ (१९२४) मध्ये तो सिनेमागृहातला ऑपरेटर आहे. प्रोजेक्टरशेजारी त्याला झोप लागते आणि स्वप्नात तो चालत जाऊन पडद्यावरच्या सिनेमात शिरतो. तेथे तो जागच्या जागी असतो आणि मागचे दृश्य बदलत राहते. बाकावर बसायला जावे तर भोवती वाहत्या रस्त्याची रहदारी. पुढे कड्याचे टोक, सिंह, समुद्रातला खडक. खडकावरून सूर मारावा तर डोके बर्फात. शरीराची जागा इंचभरही सरकू नये म्हणून मोजणीची उपकरणे लावून अंतरे जुळवली होती. याच चित्रपटात टाकीतून कोसळणाऱ्या पाण्याच्या लोंढ्याने तो रुळांवर आपटला. काही दिवस डोके दुखले, काम चालू राहिले. मानेचे हाड तेव्हा मोडले होते, हे बऱ्याच वर्षांनी डॉक्टरांनी एक्स-रे पाहिल्यावर कळले.

‘द जनरल’ (१९२६) ही त्याची स्वतःची सर्वांत आवडती कृती. अमेरिकन यादवी युद्धात १८६२ साली उत्तरेच्या हेरांनी दक्षिणेचे एक इंजिन पळवले होते, त्या घटनेवर ती बेतली आहे. चित्रीकरण ओरेगनमधील कॉटेज ग्रोव्ह परिसरात झाले. जळत्या पुलावरून खरेखुरे इंजिन नदीत पडते. त्या एका शॉटला सुमारे ४२,००० डॉलर लागल्याचे सांगतात. इंजिनाचा सांगाडा दुसऱ्या महायुद्धात भंगारासाठी उचलेपर्यंत नदीतच पडून होता. पण या भपक्यापेक्षा एक लहान प्रसंग अधिक मोलाचा आहे. प्रेयसीने झिडकारलेला नायक जॉनी (कीटन) इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर विचारात गढून बसला आहे. इंजिन हलू लागते, दांडा त्याला घेऊन वर-खाली होतो, आणि शेडमध्ये शिरता शिरता त्याला भान येते. वाफ जरा जास्त सुटून चाक जागीच गरगरले असते, तर माणूस हाती लागला नसता. त्या वेळच्या समीक्षकांना चित्रपट रुचला नाही आणि अफाट खर्चाच्या मानाने गल्लाही जमला नाही. शेंकचा हात तेव्हापासून आखडला. १९८९ मध्ये अमेरिकेने जतन करण्याजोग्या चित्रपटांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली, तेव्हा पहिल्याच यादीत ‘द जनरल’ होता.

‘स्टीमबोट बिल ज्युनियर’ (१९२८) मध्ये वादळात एका दुमजली घराची दर्शनी भिंत त्याच्या अंगावर पडते आणि वरच्या उघड्या खिडकीची मोकळी जागा नेमकी त्याच्यावर आल्याने तो जसाच्या तसा उभा राहतो. भिंत खरी होती, वजन सुमारे दोन टन. खिडकी आणि खांदे यांत काही इंचांचेच अंतर होते.

त्याच वर्षी साडू शेंकच्या सल्ल्यावरून तो एमजीएम या बड्या चित्रपट कंपनीत गेला. तिची मालक असलेली कंपनी शेंकचा सख्खा भाऊ निकोलस चालवत होता. जाऊ नकोस, असे चॅप्लिनने बजावले होते. आयुष्यातली सर्वांत मोठी चूक ती, असे कीटन पुढे म्हणे. ‘द कॅमेरामन’ (१९२८) उत्तम उतरला. त्यानंतर पटकथा वरून येऊ लागल्या आणि धोक्याच्या कामांना मज्जाव झाला. बोलपटाने कीटनला संपवले, हे सरसकट केले जाणारे विधान फसवे आहे. आवाज त्याला बरा होता आणि ते सुमार बोलपट चाललेही. त्याच्या हातून गेला तो निर्णयाचा अधिकार. पिणे वाढले, १९३२ मध्ये घटस्फोट झाला, दोन्ही मुलांना आईचे आडनाव लागले आणि १९३३ मध्ये कंपनीने त्याला काढून टाकले.

नंतरची वर्षे स्वस्तातले लघुपट करण्यात आणि त्याच एमजीएममध्ये इतरांसाठी गॅग, म्हणजे हशा पिकवणाऱ्या करामती, रचण्यात गेली. १९४० मध्ये त्याने एलेनॉर नॉरिस या नर्तिकेशी लग्न केले. ती त्याच्यापेक्षा तेवीस वर्षांनी लहान. संसार मात्र शेवटपर्यंत टिकला. १९४९ मध्ये समीक्षक जेम्स एजीने ‘लाइफ’ साप्ताहिकात मूक विनोदपटांवर दीर्घ लेख लिहिला आणि कीटनकडे पुन्हा लक्ष वळले. ‘सनसेट बुलेव्हार्ड’ (१९५०) मध्ये तो पत्ते खेळताना क्षणभर दिसतो. ‘लाइमलाइट’ (१९५२) मध्ये तो आणि चॅप्लिन एका प्रसंगात एकत्र आले. त्याच्या जुन्या बंगल्यात नट जेम्स मेसन राहायला आला, तेव्हा तेथे मूकपटांच्या प्रती सापडल्या. रेमंड रोहॉअर या वितरकाने असे चित्रपट जमवून पुन्हा प्रदर्शनात आणले. १९६० मध्ये सन्माननीय ऑस्कर मिळाले. १९६५ च्या व्हेनिस महोत्सवात प्रेक्षकांनी उभे राहून त्याचे स्वागत केले. नाटककार सॅम्युएल बेकेटने लिहिलेल्या ‘फिल्म’ या लघुपटात त्याचा चेहरा जवळजवळ शेवटपर्यंत दिसतच नाही. कॅमेरा पाठीमागूनच फिरतो. पुढच्याच वर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाने लॉस एंजेलिस येथे त्याचे निधन झाले.

त्याचे १९२८ पर्यंतचे मूकपट आता अमेरिकेत स्वामित्वहक्कातून मुक्त आहेत, त्यामुळे इंटरनेटवर ते सहज सापडतात. मात्र अनेक प्रती चुकीच्या वेगाने फिरवलेल्या असतात आणि माणसे बाहुल्यांसारखी टुणटुणत चालतात. कीटनच्या बाबतीत हा दोष विशेष घातक, कारण त्याची सारी मजा अचूक वेळेत आहे. नीट जीर्णोद्धार केलेली प्रत शोधून पाहावी.